खेळयंत्रांची चढाओढ : लाभ कोणाचा, हानी कोणाची?

दोन दुकानदारांत चुरस लागली की गिऱ्हाइकाची चंगळ होते, ही समजूत आपल्या समाजात इतकी रुजलेली आहे की ती पारखून पाहण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. समजूत अगदीच खोटी आहे असे नव्हे. परंतु ती अर्धीच खरी आहे, आणि अर्ध्या सत्यावर घरचा हिशेब मांडणे धोक्याचे असते. ही समजूत कसास लावावयास योग्य असा एक धंदा सांप्रत डोळ्यांसमोर आहे, परंतु आमच्या वयाची माणसे त्याकडे पोरखेळ म्हणून पाठ फिरवितात. तो म्हणजे व्हिडिओ गेमचा धंदा होय.

सुटी लागली की पुण्यामुंबईची नातवंडे आमच्या अष्टागरातील वाड्यांत येतात. नारळीपोफळीच्या सावलीत पूर्वी विटीदांडूचा डाव रंगे. आता एखाद्या पिशवीतून एक पेटी बाहेर निघते, ती दूरचित्रवाणीच्या संचास जोडली जाते, आणि ओटीवरची पोरे माजघरात गोळा होतात. ह्या पेटीस कन्सोल म्हणतात. आम्ही तीस ह्या लेखात खेळयंत्र म्हणू. ती करणारे आज जगात मुख्यत्वे तिघे आहेत : जपानातील सोनी आणि निन्टेंडो, व अमेरिकेतील मायक्रोसॉफ्ट. पहिल्याचे प्लेस्टेशन, दुसऱ्याचे स्विच, तिसऱ्याचे एक्सबॉक्स. २०२१ च्या फेब्रुवारीत पाचवे प्लेस्टेशन भारतात विक्रीस आले, तेव्हा तबकडी घालण्याची सोय असलेल्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये होती. एवढी रक्कम ज्या घरातून जावयाची, त्या घरातील वडीलधाऱ्यांस हा बाजार कसा चालतो हे ठाऊक असू नये, हे आम्हांस बरे वाटत नाही. म्हणून हा प्रपंच.

यंत्र आणि खेळ

ह्या धंद्याचे पहिले मर्म असे की, यंत्र आणि खेळ ही जोडी अंधपंगुन्यायाने चालते. खेळावाचून यंत्र आंधळे, यंत्रावाचून खेळ पांगळा. खेळ करणारे कारखाने बहुधा निराळे असतात. यंत्र करणारा त्यांस आपल्या यंत्रावर येऊ देतो आणि विकल्या गेलेल्या प्रत्येक खेळामागे आपला हिस्सा घेतो. यंत्रातूनच होणाऱ्या विक्रीवर हा हिस्सा साधारणतः तीस टक्के असतो. म्हणून यंत्र स्वतः जवळजवळ उत्पादनखर्चात, प्रसंगी तोट्यातही, विकणे त्यास परवडते. पेटी स्वस्त देऊन वर्षानुवर्षे हिस्सा वसूल करावयाचा, असा हा व्यवहार आहे.

आमच्या बाजूच्या वाचकांस हे जत्रेच्या दृष्टांताने चटकन समजेल. कार्तिकात वरसोलीस विठोबाची जत्रा भरते, मार्गशीर्षात चौलास दत्ताची. हलवाई, खेळणीवाले, पाळणेवाले दोन्हीकडे जातात, कारण दोहोंच्या तिथी वेगळ्या आहेत. आता कल्पना करावी की दोन्ही जत्रा एकाच दिवशी भरू लागल्या आणि मैदानाचे धनी परस्परांचे वैरी झाले. यात्रेकरू जेथे दुकाने अधिक तेथे जाणार. दुकानदार जेथे यात्रेकरू अधिक तेथे जाणार. बीज आधी की अंकुर आधी, हा शास्त्रकारांचा जुना प्रश्न येथे रोकड्या व्यवहारात उभा राहतो. अशा वेळी एखादा धनी आत येण्याचे भाडे माफ करील; दुसरा नामांकित हलवायास पैसे देऊन 'ह्या वर्षी तू माझ्याच मैदानात बैस' असे सांगेल; तिसरा त्या हलवायाचे दुकानच विकत घेईल. खेळयंत्रवाल्यांच्या पन्नास वर्षांच्या इतिहासात ह्या तीन युक्त्याच आलटून पालटून दिसतात. त्यांपैकी पहिलीने गिऱ्हाईक सुखावते, दुसरीने अडते, आणि तिसरीने काय होते ते पुढे दिसेलच.

आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. गेटवेहून मांडव्यास येताना आज एका कंपनीची लाँच धरावी, उद्या न रुचल्यास दुसरीची. उतारूच्या अंगाला काही चिकटत नाही. खेळयंत्राचे तसे नाही. एकदा एका कंपनीचे यंत्र घेतले की त्यासाठी घेतलेले खेळ दुसऱ्याच्या यंत्रावर चालत नाहीत. गिऱ्हाईक जितके खेळ अधिक घेईल तितका त्याचा पाय अधिक खोल रुततो. म्हणून ह्या व्यापारात चढाओढीचा सगळा जोर गिऱ्हाईक आत येईपर्यंत असतो.

चढाओढीची तीन पर्वे

पहिले पर्व अमेरिकेतले. अटारी कंपनीचे यंत्र १९७७ साली निघाले आणि तुफान खपले. खेळ रचणाऱ्या कारागिरांस मात्र तेथे ना नाव मिळे, ना नफ्यात वाटा. तेव्हा चौघे कसबी कारागीर बाहेर पडले आणि १९७९ साली त्यांनी ॲक्टिव्हिजन ही स्वतंत्र खेळ करणारी कंपनी काढली. यंत्र एकाचे आणि खेळ दुसऱ्याचा, ही प्रथा तेथून सुरू झाली. पुढे मॅटेल, कोलेको आदी कंपन्यांनीही आपापली यंत्रे काढली, आणि वाटेल त्याने वाटेल तसा खेळ करून बाजारात लोटावा अशी अवस्था आली. एका गाजलेल्या चित्रपटावरचा खेळ १९८२ साली अटारीने सुमारे पाच आठवड्यांत उरकून घेतला, तो इतका निकृष्ट निघाला की न विकलेल्या मालाच्या गाड्याच्या गाड्या न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुराव्या लागल्या. २०१४ साली तो खड्डा उकरला तेव्हा त्या कॅसेटी खरोखरच हाती लागल्या. १९८३ साली सुमारे ३२० कोटी डॉलरांचा असलेला अमेरिकेतील हा व्यापार दोन वर्षांत दहा कोटींच्या आसपास घसरला. येथे चढाओढ अपुरी नव्हती, पुष्कळच होती. अभाव होता तो माल पारखणाराचा.

दुसऱ्या पर्वाचा नायक निन्टेंडो. ही क्योतोची कंपनी १८८९ साली हानाफुदा नावाचे फुलांच्या चित्रांचे पत्ते करण्यासाठी निघाली होती. सावंतवाडीच्या गंजिफा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांस ह्या कुळाची ओळख सांगावयास नको. १९८३ साली जपानात व १९८५ साली अमेरिकेत तिने आपले यंत्र आणले, आणि अटारीची गत पाहून कडक शिस्त लावली. यंत्रात कुलूपवजा एक चकती बसविली, जेणेकरून परवानगीवाचून कोणाचा खेळ चालू नये. एका कारखान्याने वर्षास पाचच खेळ काढावेत, ते दोन वर्षे दुसऱ्या यंत्रास देऊ नयेत, आणि कॅसेटी निन्टेंडोकडूनच आगाऊ पैसे भरून करवून घ्याव्यात, अशा अटी होत्या. निकृष्ट माल थांबला हे खरे. परंतु कारागीर एका धन्याच्या दावणीस बांधला गेला.

ही दावण सोडविली ती कायद्याने नव्हे, प्रतिस्पर्ध्याने. सेगा कंपनीचे नवे यंत्र १९८८ साली जपानात व पुढल्या वर्षी अमेरिकेत आले. सेगास खेळांची निकड होती, म्हणून तिला कारागिरांस सवलती द्याव्या लागल्या. १९९१ साली तिने यंत्राची किंमत १८९ वरून १४९ डॉलरांवर आणली आणि 'सॉनिक' हा आपला सर्वोत्तम खेळ यंत्राबरोबर फुकट दिला. निन्टेंडोच्या अटीही मग सैल झाल्या. त्याच वर्षी आणखी एक मौज घडली. निन्टेंडोसाठी तबकडीवर चालणारे यंत्र करण्याचा सोनीचा करार होता; सोनीने तो जाहीर केला, आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेंडोने आपण फिलिप्सबरोबर जात असल्याचे सांगितले. ह्या अपमानातून सोनीने स्वतःचे यंत्र करावयास घेतले. १९९४ च्या डिसेंबरात जपानात प्रकटलेले प्लेस्टेशन ते हेच. १९९५ साली अमेरिकेतील एका प्रदर्शनात सेगाने आपल्या नव्या यंत्राची किंमत ३९९ डॉलर सांगितली. सोनीचा अधिकारी व्यासपीठावर आला, '२९९' एवढाच आकडा उच्चारला आणि खाली उतरला. सभेने टाळ्यांचा कडकडाट केला. तबकडी कॅसेटीहून पुष्कळ स्वस्त पडत असल्यामुळे खेळ करणारेही सोनीकडे वळले. २००१ च्या आरंभी सेगाने यंत्रांचा व्यापार सोडत असल्याचे जाहीर केले आणि ती इतरांच्या यंत्रांसाठी खेळ करू लागली. ज्या निन्टेंडोच्या मारिओशी सेगाच्या सॉनिकचे हाडवैर, ते दोघे २००७ साली एकाच खेळात शेजारी शेजारी धावताना दिसले! व्यापारातील वैरे कशी टिकतात हे पाहावयाचे असेल त्याने हे चित्र पाहावे.

सेगाची रिकामी जागा त्याच वर्षी, २००१ साली, मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स आणून भरली, आणि आजचे त्रिकूट सिद्ध झाले. तिसरे पर्व ते हेच. ते अद्याप चालू आहे.

चढाओढीचे देणे

ह्या चढाओढीने पदरात काय टाकले ते मोकळ्या मनाने सांगितले पाहिजे. पहिले देणे कल्पकतेचे. २००६ साली सोनीने तिसरे प्लेस्टेशन अमेरिकेत ४९९ आणि ५९९ डॉलरांस काढले. सामर्थ्यात सोनीशी झुंजणे निन्टेंडोस शक्य नव्हते. म्हणून तिने २५० डॉलरांचे 'वी' हे साधे यंत्र काढले, ज्यात हातातली कांडी हालवावी तसा पडद्यावरचा चेंडू हाले. बटणांचे भय वाटणाऱ्या आजीआजोबांनीही हे यंत्र हाती धरले, आणि त्याची विक्री दहा कोटींच्या वर गेली. दुर्बळ प्रतिस्पर्धी वेगळी वाट शोधतो आणि त्या वाटेवर नवे वाटसरू सापडतात, हा लाभ मक्तेदारीत कधीही झाला नसता.

दुसरे देणे हक्काचे, आणि आम्ही त्यास सर्वांत मोठे मानतो. २०१३ साली मायक्रोसॉफ्टने आपल्या नव्या यंत्रासाठी असा बेत जाहीर केला की, यंत्राने दिवसातून एकदा इंटरनेटवर हजेरी लावावी, आणि वापरलेली तबकडी दुसऱ्यास देण्यावर बंधने असावीत. आपण हे मासिक वाचून शेजारच्या काकूंस देतो. ते देण्यास छापखान्याची परवानगी लागू लागली तर कसे वाटेल? सोनीने हा डाव ओळखला. तिने आपल्या यंत्राची किंमत शंभर डॉलरांनी कमी ठेवली, आणि एक माणूस दुसऱ्याच्या हाती तबकडी देतो एवढेच दाखविणारे छोटेसे चलच्चित्र काढून प्रतिपक्षाची थट्टा केली. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने बेत मागे घेतला. बाजारात दुसरे दुकान नसते तर ती बंधने आज आपल्या घरांत असती.

तिसरे देणे अप्रत्यक्ष आहे. १९९३ साली 'मॉर्टल कोम्बॅट' हा मारामारीचा खेळ दोन्ही यंत्रांवर आला. निन्टेंडोने त्यातील रक्त काढून टाकावयास लाविले, सेगाने ते एका गुप्त किल्लीमागे राहू दिले, आणि सेगाचीच प्रत अधिक खपली. चढाओढ अभिरुचीस कोठे नेते ह्याचे हे उदाहरण आहे. तथापि त्यावरून अमेरिकेच्या सेनेटात चौकशी झाली, आणि १९९४ साली खेळाच्या वेष्टनावर योग्य वय छापण्याची पद्धत तेथे सुरू झाली. आज आईबापांस त्या खुणेचा मोठा आधार आहे.

चढाओढीचे घेणे

आता वहीचे दुसरे पान. घाई हा चढाओढीचा पहिला दोष. सोनीच्या आधी एक वर्ष बाजार गाठावा म्हणून मायक्रोसॉफ्टने २००५ साली आपले दुसरे यंत्र आणले. ते इतक्या मोठ्या प्रमाणावर बिघडू लागले की २००७ साली कंपनीस हमीची मुदत तीन वर्षांची करावी लागली व त्यासाठी शंभर कोटी डॉलरांहून अधिक रक्कम बाजूस ठेवावी लागली.

दुसरा दोष खर्चाचा. प्रतिपक्षाहून आपल्या खेळातील पान न् पान, केस न् केस अधिक खरा दिसावा ह्या ईर्ष्येने एका खेळाचा खर्च अवाढव्य झाला आहे. २०२३ साली अमेरिकेच्या न्यायालयात आलेल्या कागदांवरून सोनीच्या एका नामांकित खेळावर सुमारे २२ कोटी डॉलर खर्च झाल्याचे उघड झाले. एवढा पैसा एका डावावर लावणारा मनुष्य नवे काही करून पाहण्यास भितो, आणि डाव फसला की भार कारागिरांवर पडतो. सोनीचाच 'कॉन्कॉर्ड' हा खेळ २०२४ च्या ऑगस्टमध्ये विक्रीस निघाला, दोन आठवड्यांत मागे घेतला गेला, आणि ऑक्टोबरात तो करणारा कारखाना बंद झाला.

तिसरा दोष आम्हांस सर्वांत गंभीर वाटतो. तो म्हणजे मात्स्यन्याय. समुद्रकाठच्या माणसास तो पोथीतून शिकावा लागत नाही. हलवायास आपल्या मैदानात बोलाविण्याऐवजी त्याचे दुकानच गिळावयाचे, ही ती तिसरी युक्ती. सोनीने २०२२ साली बंजी ही खेळ करणारी कंपनी ३६० कोटी डॉलर देऊन घेतली. मायक्रोसॉफ्टने २०२३ च्या ऑक्टोबरात सुमारे ६,९०० कोटी डॉलरांस ॲक्टिव्हिजन घेतली. एका धन्याच्या दावणीतून सुटण्यासाठी चौघा कारागिरांनी १९७९ साली जी कंपनी काढली, तीच शेवटी एका धन्याच्या गोठ्यात गेली. अमेरिका व इंग्लंडमधील नियामकांनी हा व्यवहार अडविण्याचा प्रयत्न केला. 'कॉल ऑफ ड्यूटी' हा लोकप्रिय खेळ दहा वर्षे प्रतिस्पर्ध्यांच्या यंत्रांवरही राहील असे मायक्रोसॉफ्टला कबूल करावे लागले. तथापि जानेवारी २०२४ मध्ये तिच्या खेळविभागातील १,९०० लोकांची नोकरी गेली, पुढल्याच महिन्यात सोनीने ९०० जण कमी केले, आणि मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने विकत घेतलेले काही नावाजलेले कारखाने बंद केले.

भावाचेही असेच. पूर्वी यंत्र जुने झाले की स्वस्त होई. २०२५ साली मायक्रोसॉफ्ट व सोनी ह्या दोघांनीही अमेरिकेत आपल्या चार-पाच वर्षांच्या जुन्या यंत्रांच्या किमती वाढविल्या. अनेक खेळ एका वर्गणीत देण्याची मायक्रोसॉफ्टची योजना २०१७ साली अल्प दरात निघाली होती. २०२५ च्या ऑक्टोबरात तिच्या सर्वांत वरच्या वर्गाचा दर अमेरिकेत महिना २० वरून ३० डॉलर झाला. आयातकर आणि सुट्या भागांची महागाई ही कारणे मानली तरी, गिऱ्हाईक हातचे जाईल हे भय पूर्वीइतके उरलेले नाही, असे आम्हांस वाटते. सुंद व उपसुंद लढून दोघेही मेले, ही पुराणातली कथा. येथे तिचा शेवट निराळा होऊ पाहतो : दोघे दैत्य जिवंत राहतात आणि रणांगणावरचे गाव ओसाड पडते.

आपल्याकडची कहाणी

ही लढाई परक्यांची असली तरी तिच्या लाटा आपल्या किनाऱ्यास लागल्या आहेत. १९९५ साली सेगाने भारतात शॉ वॉलेस कंपनीशी करार केला, कारण बाहेरून आणलेल्या यंत्रावर ऐंशी टक्के जकात होती. तरीही यंत्राची किंमत १८,००० रुपये पडे. सामान्य घरास ते परवडणारे नव्हते. म्हणून त्या दशकात आमच्या गावोगावी जे पोचले ते मूळ यंत्र नव्हे, तर निन्टेंडोच्या यंत्राच्या स्वस्त नकला. 'लाखो खेळ एकात' अशी कॅसेटीवरील जाहिरात आणि आत फिरून फिरून तेच दहाबारा खेळ. त्या बनावट मालातून आपल्या कारागिरांस शिकण्यासारखे अथवा मिळविण्यासारखे काही नव्हते.

खरी चुरस भारतात २००६–०७ साली लागली. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २००६ मध्ये अक्षयकुमार व क्रिकेटपटू युवराजसिंग ह्यांस पुढे करून आपले यंत्र आणले. सोनीचे तिसरे प्लेस्टेशन एप्रिल २००७ मध्ये ३९,९९० रुपयांस आले. परंतु सोनीच्या हाती एक हुकमी पान होते, ते म्हणजे स्वस्त झालेले जुने दुसरे प्लेस्टेशन. त्याच्यासाठी देशी खेळ हवेत हे तिने ओळखले. २००९ साली हैदराबादेत 'हनुमान' आणि 'देसी अड्डा' हे खेळ झाले. दुसऱ्यात विटीदांडू, कबड्डी व पतंग होते. २०१० साली मुंबईच्या ट्राइन कंपनीने गल्लीतल्या क्रिकेटचा खेळ केला. खेळ फार उच्च प्रतीचे होते असा आमचा दावा नाही; परंतु परदेशी यंत्रावर देशी हाताने केलेला देशी विषय ही वाट तेव्हा मळू लागली.

ह्या वाटेवरचे सर्वांत सुंदर फूल पुण्यात उमलले. नॉडिंग हेड्स गेम्स ह्या पुण्यातील छोट्या मंडळीने 'राजी' नावाचा खेळ रचला. दैत्यांनी पळविलेल्या धाकट्या भावास शोधीत निघालेली एक मुलगी, तिच्या पाठीशी दुर्गा आणि विष्णू, भोवती राजस्थानी वास्तू, पहाडी शैलीची चित्रे आणि बाहुल्यांच्या छायाखेळातून सांगितलेली कथा, असे त्याचे रूप आहे. लोकवर्गणी गोळा करण्याचा त्यांचा प्रयत्न आरंभी फसला होता. पुढे निन्टेंडोने त्यास आधी आपल्याकडे स्थान दिले : १८ ऑगस्ट २०२० रोजी 'राजी' प्रथम स्विचवर आला, ऑक्टोबरात प्लेस्टेशन व एक्सबॉक्सवर गेला, आणि २०२१ साली मायक्रोसॉफ्टच्या वर्गणीतही. २०२० सालच्या जागतिक पारितोषिकांत पदार्पणाच्या सर्वोत्तम खेळासाठी त्याचे नामांकन झाले. मौज अशी की, ज्या स्विचवर हा पुणेरी खेळ प्रथम झळकला, त्याची अधिकृत विक्री तेव्हा भारतात होतच नव्हती!

ह्या उदाहरणात आमच्या लेखाचा सारांश आला आहे. तीन धनी परस्परांशी झगडत होते आणि प्रत्येकास दुसऱ्याकडे नसलेले काही हवे होते, म्हणून पुण्याच्या मूठभर कारागिरांस जगाच्या जत्रेत दुकान मांडावयास जागा मिळाली. आणि दुकान त्यांचे स्वतःचे होते म्हणूनच ते एका मैदानातून दुसऱ्यात नेता आले. ह्याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवावे. युबिसॉफ्ट ह्या फ्रेंच कंपनीच्या पुणे व मुंबई येथील कारखान्यांकडे 'प्रिन्स ऑफ पर्शिया' ह्या गाजलेल्या खेळाचे नूतनीकरण सोपविले होते, आणि २०२० साली ते मोठ्या थाटात जाहीरही झाले. २०२२ साली ते काम कॅनडातील माँट्रियलच्या कारखान्याकडे नेण्यात आले. आपल्या मुलांच्या अंगच्या कसबाविषयी ह्यावरून काही सिद्ध होत नाही. एवढेच दिसते की, शेत दुसऱ्याचे असले म्हणजे पेरलेले कोणी कापावे हे पेरणारा ठरवीत नाही. २०२३ साली सोनीने भारतीय खेळकारांस साहाय्य देण्याची 'इंडिया हीरो प्रोजेक्ट' ही योजना जाहीर केली. योजना स्वागतार्ह आहे. मात्र तिचा लाभ घेणाऱ्या तरुणांनी आपल्या कृतीचे स्वामित्व कोणाकडे राहते हे कराराच्या कागदावर दोनदा वाचावे, एवढी सूचना एका जुन्या शिक्षकाच्या नात्याने आम्ही करितो.

घरच्यांस चार शब्द

आता व्यवहाराचे. यंत्राची किंमत हा खर्चाचा आरंभ आहे, शेवट नव्हे. खेळ, वर्गणी व दुसरी कांडी धरून दोन वर्षांचा हिशेब आधी मांडावा. तबकडीची खाच नसलेले यंत्र काही हजारांनी स्वस्त मिळते. परंतु त्यावरचा खेळ शेजारच्या मुलास देता येत नाही, चुलतभावाकडून आणता येत नाही, की कंटाळा आल्यावर विकता येत नाही. एकत्र कुटुंबात आणि मित्रमंडळात जेथे चारपाच मुले आहेत, तेथे ही बचत महागात पडते. नवे यंत्र निघाल्याबरोबर घेऊ नये; पहिल्या वर्षात दोष उघडे पडतात आणि चांगले खेळही जमावयाचे असतात. वेष्टनावरील वयाची खूण वडिलांनी वाचावी, आणि यंत्र मुलाच्या खोलीत न ठेवता घरातील सर्वांच्या वावरण्याच्या जागी ठेवावे. आजीस कांडी धरावीशी वाटली तर तीही धरील.

स्पर्धा म्हणजे गिऱ्हाइकाचे कल्याण, हे वाक्य म्हणून दुरुस्त केले पाहिजे. धनी जोवर पाहुण्यास आणि कारागिरास आपल्याकडे वळविण्यासाठी झगडतात, तोवर त्यांच्या झगड्यातून सर्वांचे भले होते. कारागिरास विकत घेण्यासाठी आणि पाहुण्याच्या मागे दार लावून घेण्यासाठी ते झगडू लागले की त्याच झगड्याने दोघांचेही नुकसान होते. 'कोणते यंत्र सर्वांत चांगले?' असे नातवाने विचारले, तर वडीलधाऱ्यांनी त्यास दोन उलट प्रश्न विचारावेत. ह्यावर घेतलेला खेळ तुला मित्रास देता येईल काय? आणि तो खेळ करणाऱ्यास उद्या दुसऱ्याच्या मैदानात आपले दुकान मांडता येईल काय? दोहोंचे उत्तर 'होय' असेल तर रक्कम खर्चण्यास हरकत नाही.